सुसंगत निवड आणि स्वतःचं हित

कुणाकडे पाहुणे म्हणून गेलात आणि ताटलीत एकच लाडू उरलाय, तर तुम्ही तो घेत नाही. दोन असते तर एक सहज उचलला असता. अमर्त्य सेन यांनी १९९३ मध्ये सफरचंदाच्या उदाहरणानं हाच पेच मांडला. विवेकी वागणं म्हणजे काय, याच्या अर्थशास्त्रातल्या एका व्याख्येनुसार हे वागणं विसंगत ठरतं, कारण आधी नाकारलेली वस्तू ताटलीत भर पडताच तुम्ही स्वीकारता. आपल्याला मात्र त्यात साधी रीतभात दिसते.

विवेकाची ही व्याख्या सुसंगतीची. तिचं मूळ अर्थशास्त्रज्ञ पॉल सॅम्युअलसन यांच्या १९३८ च्या मांडणीत आहे. माणसाच्या मनात काय आहे ते विचारायचं नाही, तो काय निवडतो ते पाहायचं. निवडी एकमेकींना छेद देत नसतील तर झालं. सगळी मिळकत वाटून टाकणाराही इथे विवेकीच.

दुसरी व्याख्या स्वार्थाची. प्रत्येक जण केवळ स्वार्थानं चालतो, हे अर्थशास्त्राचं पहिलं तत्त्व असल्याचं अर्थशास्त्रज्ञ फ्रान्सिस एजवर्थ यांनी १८८१ मध्ये लिहिलं. या मापानं तोच दानशूर वेडा ठरतो.

गल्लत होते ती 'पसंती' या शब्दामुळे. निवडलं म्हणजे पसंत पडलं, पसंत पडलं म्हणजे हिताचं, असं आपण नकळत धरून चालतो. एखाद्या योजनेचा लाभ 'लोक तिच्यासाठी किती पैसे मोजतील' यावरून काढतात, तेव्हाही हेच गृहीत असतं. खिसा रिकामा असणाऱ्याची गरज मग हिशेबात छोटी दिसते, हे मला फार खटकतं.

त्याहून अस्वस्थ करतो तो सेन यांनी पुढे आणलेला सिंगूरचा दाखला. बंगालच्या दुष्काळानंतर, १९४४ मध्ये, कोलकात्याजवळच्या या भागात आरोग्याची पाहणी झाली. आपण आजारी आहोत किंवा तब्येत जेमतेम आहे, असं ४८.५ टक्के विधुरांनी सांगितलं. विधवांमध्ये हे प्रमाण होतं २.५ टक्के, आणि 'जेमतेम' म्हणणारी तर एकही नव्हती. त्या काळच्या बंगालमधल्या विधवेचं जगणं आठवा. वर्षानुवर्षं वंचित राहिलेला माणूस आपल्या अपेक्षाच आखडून घेतो, असं सेन सांगतात.

त्या बायकांच्या उत्तरांत कसलीही विसंगती नव्हती. पण दवाखाना कुणासाठी काढायचा हे त्या उत्तरांवरून ठरवलं असतं, तर तो विधुरांसाठी निघाला असता. म्हणून तू समाधानी आहेस का, एवढं विचारून पुरत नाही. पोटभर जेवायला मिळतं का, औषध मिळतं का, एकटीनं घराबाहेर पडता येतं का, हेही पाहावं लागतं.