घोडा आखडला की दोष लॅक्टिक ॲसिडचा?

परवा ठाण्याच्या तलावपाळीवर एक काका मुलांना फेरी मारणाऱ्या घोड्याकडे बघून ठामपणे सांगत होते, "काल जास्त पळवलाय. लॅक्टिक ॲसिड साचलं, म्हणून आज आखडलाय." जिमपासून तबेल्यापर्यंत ऐकू येणारं हे वाक्य चूक आहे.

भरधाव धावताना ऑक्सिजनवर मिळणारी ऊर्जा पुरत नाही, तेव्हा स्नायू ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, झटपट फोडतात आणि लॅक्टेट तयार होतं; यालाच सगळे 'लॅक्टिक ॲसिड' म्हणतात. इथवर काका बरोबर. पण ते साचून राहत नाही. हृदय आणि इतर स्नायू तेच इंधन म्हणून जाळतात, यकृत त्याची पुन्हा साखर करतं. तास-दोन तासांत रक्तातली पातळी जवळपास पूर्ववत होते. घोडा हळू दुडका चालवला तर आणखी लवकर. दुसऱ्या दिवशीचं आखडणं बहुधा स्नायूतंतूंना झालेल्या बारीक इजेचं असतं.

तसा ऑक्सिजनच्या बाबतीत घोडा श्रीमंतच. एरवी मिनिटाला ३०-४० पडणारे ठोके दौडीत २२० च्या घरात जातात. प्लीहा हा पोटातला अवयव आकसून साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडतो. रक्तातलं त्यांचं प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपासवरून ६० च्या वर जातं. रक्त अक्षरशः दाट होतं! आणि भरधाव दौडीत एका झेपेला एक श्वास, तोही फक्त नाकाने.

मात्र मेहनतीनंतर घोडा ताठला, दरदरून घामेजला, लघवी कॉफीच्या रंगाची झाली, तर तो वेगळा आजार. तेव्हा 'ॲसिड उतरवायला' चालवू नका. जागीच उभा ठेवा, पशुवैद्याला बोलवा.