धात्विक काच

धात्विक काच : अणूंची नियमित स्फटिकरचना होण्याआधीच थिजलेला मिश्रधातू. स्फटिकांच्या सीमा नसल्याने तो नेहमीच्या धातूंपेक्षा अधिक ताण सोसून मूळ आकारात परततो. बाजारात ‘लिक्विडमेटल’ हे व्यापारनाम रूढ आहे.

आरंभाविषयी मतभेद आहेत. क्लेमेंट, विलेन्स व डुवेझ यांनी १९६० मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत सोने-सिलिकॉनचा रस सेकंदाला सुमारे दहा लाख अंश वेगाने थंड केला. बहुतेक ग्रंथ येथून आरंभ मानतात. काही अभ्यासक १९३० च्या दशकातील क्रामर यांचे धातूची वाफ थिजवून मिळवलेले पापुद्रे किंवा १९५० च्या सुमाराचे ब्रेनर व सहकाऱ्यांचे निकेल-फॉस्फरसचे विद्युत्-विलेपित (द्रावणातून विजेच्या साहाय्याने चढवलेले) थर पुढे करतात. हे पापुद्रे व थर वितळलेला रस थिजवून मिळालेले नव्हते, त्यामुळे पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. जाड तुकडे ओतणे मात्र फार पुढे साधले. पेकर व जॉन्सन यांच्या १९९३ च्या झिर्कोनियम-टायटॅनियम-तांबे-निकेल-बेरिलियम मिश्रधातूला थंड होण्याचा सेकंदाला एखाद्या अंशाचा वेगही पुरतो. बेरिलियमची धूळ श्वसनास घातक असल्याने त्याचे घासकाम जपून करावे लागते.

साच्यातून बारीक तपशिलासह सुटा भाग निघत असल्याने इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांना या धातूचे आकर्षण वाटले. घडी घालता येणाऱ्या फोनच्या बिजागरीत तो वापरला गेला आहे. लिक्विडमेटल टेक्नॉलॉजीज ही कंपनी २००२ मध्ये अमेरिकेच्या नॅसडॅक या शेअर बाजारावर नोंदली गेली. ऑगस्ट २०१० मध्ये अ‍ॅपलने ग्राहक इलेक्ट्रॉनिक्सपुरते या धातूचे वापरहक्क घेतल्याचे कळताच तिचा समभाग उसळला. फोनचे अख्खे आवरण या धातूचे होईल, या अपेक्षेवर तेव्हा खरेदी झाली; अ‍ॅपलचा तसा फोन आलेला नाही. हक्क विकत घेणे आणि माल कारखान्यातून बाहेर पडणे यांतले अंतर अशा समभागांत फार मोठे असते, आणि घरबचत गुंतवणाऱ्याने ते आधी तपासावे.

गोव्यात डिचोली, सत्तरी, सांगे या पट्ट्यांत लोहखनिजाचे साठे आहेत. लोह-सिलिकॉन-बोरॉनची अस्फटिकी फीत, म्हणजे लोहाधारित धात्विक काच, वीजवितरणाच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये ऊर्जाहानी घटवते. फोनच्या धातूहून तिचा उपयोग कितीतरी व्यापक आहे. वेर्णा औद्योगिक वसाहतीशी निगडित स्मार्टलिंक (आपल्या उपकंपन्यांमार्फत) व डी-लिंक (इंडिया) या नोंदणीकृत कंपन्यांचा व्यवसाय नेटवर्क उपकरणांचा आहे. पेडण्यातील तुये येथे इलेक्ट्रॉनिक्स उत्पादन समूहाची योजना आहे. परदेशी समभाग घेणाऱ्या निवासी गोमंतकीयास रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरची मर्यादा लागू होते.