स्टेंट पडला, पण पुढचं कोणी सांगितलंच नाही

माझ्या मामाला अ‍ॅटॅक आला तेव्हा गळीत हंगाम चालू होता. राधानगरीकडच्या गावातून रात्रीच कोल्हापुरात आणला, अँजिओप्लास्टी झाली, म्हणजे हृदयाची तुंबलेली रक्तवाहिनी उघडली, ती उघडी राहायला आत जाळी, म्हणजे स्टेंट पडला आणि चौथ्या दिवशी डिस्चार्ज. हातात फाईल, गोळ्यांची पिशवी आणि एक कागद, त्यात शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात 'कार्डियॅक रिहॅब' लिहिलेलं. ते काय असतं हे ना मामाला माहीत ना आम्हाला. घरी आल्यावर मामी म्हणाली, "आता तुमी हलायचं न्हाई, बसल्या जागी सगळं देतो आमी." आणि खरंच तीन महिने मामा सोप्यातल्या कॉटवर बसून होता.

रिहॅब म्हणजे काय ते तालमीवरून सांगतो, आपल्याकडं लगेच कळेल. मार लागून पडलेल्या पैलवानाला वस्ताद डायरेक्ट मैदानात उतरवत नाही आणि घरी झोपवूनही ठेवत नाही, आधी हलकं चालणं, मग मोजून बैठका, मग जोर, आणि सगळं वस्तादाच्या नजरेखाली. हृदयाचंही तसंच करायचं असतं. सहा मिनिटात किती चालता येतं ते बघतात, नाडी आणि बीपी तपासतात आणि त्यावरून व्यायाम ठरवून देतात, साधारण 12 आठवडे. सोबत जेवणाचं, तंबाखू सोडण्याचं, गोळ्या कशासाठी आहेत त्याचं बोलणं होतं, आणि मनातल्या भीतीचंही, कारण अ‍ॅटॅकनंतर साधारण पाचातल्या एकाला डिप्रेशन येतं आणि घरचे त्याला 'अशक्तपणा' म्हणून सोडून देतात.

"ब्लॉकेज काढला की, आता कशाला?" हा प्रश्न मी दहा जणांकडून ऐकलाय. स्टेंटनं एका जागेची अडचण गेली, चरबीचे थर बाकीच्या रक्तवाहिन्यांतही असतातच. नियमित व्यायामानं रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड जास्त बनवायला लागतं, त्यामुळं त्या सैल होतात. आणि पायाचे स्नायू रक्तातला ऑक्सिजन चांगला ओढून घ्यायला लागतात, म्हणजे तेवढंच अंतर चालायला हृदयाला कमी कष्ट पडतात. 2016 साली 63 अभ्यासांतल्या 14,486 पेशंटचा एकत्र आढावा निघाला. त्यात रिहॅब न केलेल्यांपैकी हजारात 307 जणांना परत अ‍ॅडमिट व्हावं लागलं, केलेल्यांत 261 जणांना. हृदयविकारानं होणारे मृत्यूही हजारात 104 वरून 76 वर आले होते.

आता नुसतं पडून राहण्याचं बघा. 1966 मध्ये अमेरिकेत डल्लासला 20 वर्षांच्या पाच धडधाकट पोरांना तीन आठवडे अंथरुणात ठेवलं, तर त्यांची ऑक्सिजन वापरायची ताकद चौथ्या हिश्शाहून जास्त घसरली. तीच माणसं पन्नाशीत परत तपासली तेव्हा दिसलं की मधल्या 30 वर्षांत वाढलेल्या वयानं केलं नव्हतं तेवढं नुकसान त्या तीन आठवड्यांनी केलं होतं! मग माझ्या साठीतल्या मामाचं तीन महिन्यांत काय झालं असेल. मामीच्या मायेला मी दोष देत नाही, तिला दुसरं कोणी काही सांगितलंच नव्हतं.

लोक येत नाहीत म्हणून त्यांना आळशी म्हणणं मला पटत नाही. गगनबावडा, चंदगडकडचा माणूस आठवड्यातून तीनदा यष्टीनं कोल्हापूरला येणार कसा, त्या दिवसाची हजेरी बुडणार, सोबत पोरगा आला तर दोन हजेऱ्या. पण फक्त पैशाचंही नाही. अमेरिकेत म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्यात 36 सेशनपर्यंत सोय आहे, तरी 2016 मध्ये पात्र पेशंटपैकी शंभरात जेमतेम 24 जण गेले. जगभरच्या अभ्यासांत एक गोष्ट परत परत दिसते, डॉक्टर स्वतः तोंडानं किती ठामपणे सांगतो त्यावर पेशंट जातो की नाही हे बरंच ठरतं. "जमलं तर करा" आणि "सोमवारी यायचंच, नाव लिहून ठेवलंय" यात जमीन अस्मानाचा फरक आहे. जिथं डिस्चार्जबरोबर आपोआप नाव जातं आणि वॉर्डात कोणीतरी खाटेजवळ बसून समजावतं, तिथं लोक जास्त येतात.

अंतराला पण उत्तर आहे. एकदा नीट तपासणी करून, प्लॅन लिहून घेऊन घरीच व्यायाम आणि मधेमधे फोनवर चौकशी, अशा घरच्या रिहॅबचे निकाल सेंटरमधल्या रिहॅबच्या तोडीचे आलेत, 23 अभ्यासांचा आढावा आहे 2017 चा. मामाला शेवटी एका फिजिओथेरपिस्टनं असंच लावून दिलं. खूण साधी, चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. छातीत दुखलं, गरगरलं की थांबायचं आणि लगेच कळवायचं. पहिल्या दिवशी मामा मारुतीच्या देवळापर्यंत गेला आणि घाबरून परत आला, आता कालव्यापर्यंत जातो.

पण मला जास्त लागलं ते वेगळंच. दोन वर्षांनी मामीची पण अँजिओप्लास्टी झाली आणि तिला रिहॅबचं कोणी विचारलंसुद्धा नाही, आम्हीही नाही, सगळं माहीत असून. अमेरिकेच्या त्याच आकड्यांत पात्र बायकांतल्या 19 टक्क्यांच्या आसपास रिहॅबला गेल्या, पुरुषांतले 29 टक्क्यांच्या आसपास. "घरातलं काम करती की दिवसभर, तोच व्यायाम" असं आम्हीच म्हणत होतो, आणि ती पंधरा दिवसांत धारा काढायला गोठ्यात बसली होती. तिचा कागद मी गेल्या महिन्यात फाईलमधून काढला. शेवटची ओळ तिच्याही कागदावर होती.