यादीत टिकलेली गाणी, बदलत गेलेली मोजणी

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा आल्बम मार्च १९७३ मध्ये बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-नियतकालिकाच्या आल्बम यादीत आला आणि १९८८ पर्यंत सलग ७४१ आठवडे तिथून हलला नाही, असं अनेक ठिकाणी वाचायला मिळतं. यातला ७४१ हा आकडा बरोबर आहे, पण ‘सलग’ हा शब्द चुकीचा आहे. ते कळायला कागद-पेन्सिल पुरते. मार्च १९७३ पासून मोजायला सुरुवात केली आणि १९८८ च्या पहिल्याच दिवशी थांबलो, तरी ७७० हून जास्त आठवडे भरतात. म्हणजे मध्ये किमान तीसेक आठवडे हा आल्बम यादीबाहेर होता. तो येत-जात राहिला आणि यादीतल्या त्याच्या सगळ्या मुक्कामांची बेरीज ७४१ झाली. पहिल्या क्रमांकावर तर तो एकच आठवडा होता.

यामुळे विक्रमाचं मोल कमी होत नाही. त्याआधीचा विक्रम जॉनी मॅथिस यांच्या १९५८ च्या निवडक गाण्यांच्या संग्रहाकडे होता, एकूण ४९० आठवड्यांचा. पिंक फ्लॉइडने तो १९८३ मध्येच मोडला. पण या दोन आकड्यांची तुलना करताना एक गोष्ट नजरेआड होते. मॅथिस यांचा संग्रह बाजारात आला तेव्हा बिलबोर्डच्या आल्बम यादीत २०० जागा नव्हत्या. पुढे काही वर्षं मोनो आणि स्टिरिओ तबकड्यांच्या याद्या वेगळ्या छापल्या जात. त्या १९६३ मध्ये एकत्र झाल्या. दोनशे जागांची यादी आली १९६७ मध्ये. यादी लांबली की तिच्यात टिकणं सोपं होतं. मॅथिस यांचे बरेच आठवडे आखूड यादीतले आहेत, पिंक फ्लॉइडचे सगळे लांब यादीतले. दोन्ही आकड्यांपुढे ‘आठवडे’ असं एकच एकक लिहिलेलं असतं, म्हणून ते सारखे वाटतात, एवढंच.

टिकाऊपणाच्या विक्रमांकडे एक मोजमाप म्हणून पाहिलं, की हीच अडचण वारंवार समोर येते. एका आठवड्यात कोण पहिलं, हे ठरवायला त्या आठवड्याची मोजणी नीट असली की भागतं. दहा-पंधरा वर्षांचा विक्रम ठरवायचा तर तेवढा काळ मोजणीची रीत तीच राहायला हवी. ती कधीच तशी राहिलेली नाही.

ब्रिटनमध्ये विक्रीवर आधारलेली पहिली यादी १४ नोव्हेंबर १९५२ रोजी ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’ या साप्ताहिकाने छापली. पर्सी डिकिन्स यांनी वीसेक दुकानांना फोन लावले, कुठल्या तबकड्या जास्त खपतात ते विचारलं आणि उत्तरांवरून क्रम लावला. क्रमांक होते बारा, पण बरोबरीमुळे त्यांत तबकड्या बसल्या पंधरा. इतक्या ठिकाणी बरोबरी का व्हावी? दुकानदाराला विचारून मिळतो तो क्रम, प्रतींचा आकडा नव्हे. एका दुकानात पहिली आलेली तबकडी पाचशे खपली असेल, दुसऱ्या दुकानातली पहिली पन्नास. क्रमांकांची बेरीज करताना दोघींना सारखंच वजन मिळतं. वीस दुकानांच्या अशा बेरजेत गाठ पडणारच. क्रमातून प्रती किती खपल्या हे परत काढता येत नाही. ती माहिती त्याच क्षणी गेली.

अमेरिकेतही १९९१ पर्यंत साधारण हीच रीत होती. ठरलेल्या दुकानांना फोन जायचा, काउंटरवरचा माणूस आठवून सांगायचा. हे सगळं खोटं होतं असं म्हणणं त्या माणसांवर अन्याय करणारं ठरेल. बहुतेकांनी प्रामाणिकपणेच सांगितलं असणार. पण आठवणीला कल असतो. नवं गाणं चर्चेत असलं की ते जास्त खपतंय असं वाटतं, आणि सहा महिन्यांपूर्वीचं गाणं रोज दोन-चार प्रतींनी जात असलं तरी ते ‘जुनं झालेलं’ असतं. शिवाय रेकॉर्ड कंपन्यांना कोणत्या दुकानांना फोन जातात याचा अंदाज असे, आणि फुकट मालाच्या बदल्यात दुकानदाराचं मत वळवण्याचे प्रकार या धंद्यात सर्वांना ठाऊक होते.

मग माइक शॅलेट आणि माइक फाइन या दोघांनी साउंडस्कॅन ही विक्री मोजणारी कंपनी सुरू केली. दुकानातल्या गल्ल्यावर बारकोड वाचला गेला की ती विक्री नोंदली जायची. २५ मे १९९१ च्या अंकापासून बिलबोर्डने आल्बमची यादी या आकड्यांवर बेतली. त्यानंतर जे दिसलं ते मला संगीताच्या इतिहासातलं सर्वांत बोलकं मोजमाप वाटतं. तोवर, म्हणजे यादीच्या साऱ्या इतिहासात, थेट पहिल्या क्रमांकावर दाखल झालेले आल्बम होते फक्त सहा. त्यातला पहिला १९७५ मधला, एल्टन जॉन यांचा. बारकोड आल्यावर थेट पहिलं येणं ही नेहमीची गोष्ट झाली. जून १९९१ मध्ये एन.डब्ल्यू.ए. या रॅप गटाचा आल्बम दुसऱ्या क्रमांकावर दाखल झाला आणि पुढच्याच आठवड्यात पहिला आला. कंट्री संगीत गाणारे गार्थ ब्रुक्स सप्टेंबरमध्ये थेट अव्वल ठरले. लोकांची आवड एका उन्हाळ्यात बदललेली नव्हती. रॅप आणि कंट्रीचे श्रोते आधीपासूनच होते. फोनवरच्या मोजणीत ते उमटत नव्हते.

जुन्या यादीत आल्बम हळूहळू वर चढायचा आणि हळूहळू उतरायचा. ती गोलाई बरीचशी मोजणीतून आलेली होती. प्रत्यक्षात बहुतेक आल्बम पहिल्या आठवड्यात सर्वाधिक खपतात आणि मग घसरतात, फक्त ती घसरण शेपटाकडे फार संथ होत जाते. टिकाऊपणाचे विक्रम घडतात ते याच शेपटात. त्यामुळे तिथलं गणित जरा जवळून पाहू.

समजा विक्री क्रमांकाच्या व्यस्त प्रमाणात घटते. हा ढोबळ नमुना आहे, पण लोकप्रियतेच्या अनेक याद्यांना बऱ्यापैकी लागू पडतो. निवडलेल्या दुकानांत पहिल्या आल्बमच्या १५,००० प्रती खपल्या, तर दुसऱ्याच्या ७,५००, दीडशेव्याच्या १०० आणि दोनशेव्याच्या ७५. नमुन्यातून मोजताना निव्वळ योगायोगाने येणारी चूक साधारण त्या संख्येच्या वर्गमुळाएवढी असते. १५,००० मध्ये ती सव्वाशेच्या आत. पहिला आणि दुसरा यांची अदलाबदल होणं अशक्य. आता १९० व्या क्रमांकावरचा आल्बम घ्या. त्याच्या खऱ्या प्रती सुमारे ७९, चूक सुमारे ९. मोजणीत तो ७० ते ८८ च्या दरम्यान कुठेही दिसू शकतो, म्हणजे १७० व्या क्रमांकापासून २१४ व्यापर्यंत कुठेही. विक्री तसूभरही न बदलता तो एका आठवड्यात यादीत असेल आणि दुसऱ्या आठवड्यात नसेल.

पहिल्या क्रमांकाबद्दलचे वाद लोक हिरिरीने घालतात, पण सांख्यिकीच्या दृष्टीने यादीचा माथा हा तिचा सर्वांत भक्कम भाग असतो. तळ डळमळता असतो. आणि ‘किती आठवडे टिकला’ हा प्रश्न विचारला की आपण नेमकं तळाला मोजायला लागतो. खरी विक्री अखंड असूनही वर सांगितलेल्या ७४१ मध्ये खंड का पडले असतील, याचं एक साधं उत्तर या चुकीतही दडलेलं असू शकतं.

त्यात नियमांची भर. १९९१ मध्ये बारकोडमुळे कळलं की जुने आल्बम समजुतीपेक्षा खूप जास्त खपतात. त्यांनी नव्यांच्या जागा अडवू नयेत म्हणून बिलबोर्डने जुन्या आणि शंभराच्या खाली घसरलेल्या आल्बमना मुख्य यादीतून काढून वेगळ्या यादीत बसवलं. जवळपास साडेअठरा वर्षं हा नियम चालला. जून २००९ मध्ये मायकल जॅक्सन यांचं निधन झालं आणि त्यांच्या गाजलेल्या गाण्यांचा जुना संग्रह अमेरिकेत त्या आठवड्यात इतर कुठल्याही आल्बमपेक्षा जास्त खपला. तरीही मुख्य यादीत तो पहिला नव्हता. तो त्या यादीतच नव्हता. हे काही फार दिवस चालण्यासारखं नव्हतं, आणि डिसेंबर २००९ मध्ये जुन्या आल्बमना पुन्हा प्रवेश मिळाला. ‘डार्क साइड’ची बेरीज तिथून परत वाढू लागली आणि आता ९५० च्या पुढे गेली आहे. मधल्या काळात तो खपत नव्हता असं मुळीच नाही. वेगळ्या यादीतले आठवडे धरले तर बेरीज दीड हजारांपुढे जाते. म्हणून एकाच आल्बमचे तीन वेगळे विक्रम छापलेले आढळतात, आणि तिन्ही आपापल्या व्याख्येनुसार खरे आहेत.

बिलबोर्डच्या गाण्यांच्या यादीचं, हॉट १०० चं, तसंच. १९८२ मध्ये सॉफ्ट सेल या जोडीचं ‘टेंटेड लव्ह’ ४३ आठवडे टिकलं, तो तेव्हाचा विक्रम होता. मोजणी बदलल्यावर १९९८ मध्ये आकडा ६९ झाला, २००९ मध्ये ७६, मग ८७, ९०, ९१. आणि २०२५ मध्ये टेडी स्विम्स यांच्या ‘लूज कंट्रोल’ने शंभरी ओलांडली. हे सारं घडलं जुन्या गाण्यांना बाहेर काढणारे नियम असतानाही. वीस आठवड्यांनंतर पन्नासाच्या खाली गेलेलं गाणं काढून टाकतात, तरीही विक्रम वाढतच राहिले. ऑक्टोबर २०२५ मध्ये बिलबोर्डने हे नियम आणखी कडक केले. जीवशास्त्रात किंवा वैद्यकात आयुर्मान मोजणारे संशोधक अशा आकड्यांना ‘छाटलेली माहिती’ समजतात: गाणं किती जगलं हे आपल्याला कळत नाही, नियमाने त्याला किती जगू दिलं तेवढंच कळतं. छाटलेल्या आकड्यांतून सरासरी काढली तर ती खऱ्यापेक्षा कमी येते, आणि छाटणीचा नियम मध्येच बदलला तर दोन काळांची तुलना करण्याआधी तो फरक वेगळा काढावा लागतो. संगीताच्या विक्रमांत हे कोणी फारसं करत नाही, याचं मला वाईट वाटतं. आठवड्याच्या नोंदी तर छापील स्वरूपात उपलब्ध आहेत.

स्ट्रीमिंगने तर मोजायची वस्तूच बदलली. १९७३ मध्ये कोणी तबकडी घेतली आणि चाळीस वर्षं ती झिजेपर्यंत ऐकली, तर यादीत तिची नोंद एकदाच झाली. आज तेच गाणं रोज ऐकणारा माणूस रोज मोजला जातो. पूर्वीची यादी खरेदी दाखवायची, आताची वापर दाखवते. दोन्हींचा मेळ घालायला दर ठरवावे लागतात: २०१४ मध्ये अमेरिकेत १,५०० वेळा ऐकणं म्हणजे एक आल्बम असं धरलं गेलं, २०१८ मध्ये पैसे भरून ऐकणाऱ्यांसाठी १,२५० आणि जाहिरातींसह फुकट ऐकणाऱ्यांसाठी ३,७५० असे दोन दर झाले. ब्रिटनमध्ये २०१७ पासून दहा आठवड्यांहून जुनं आणि घसरणीला लागलेलं गाणं असेल, तर त्याच्या स्ट्रीमचं वजन निम्मं केलं जातं. यातला एकही आकडा निसर्गातून आलेला नाही. तो माणसांनी बैठकीत ठरवलेला आहे, आणि तो बदलला की विक्रमांचा क्रम बदलतो.

ठरवण्याचा हा भाग जुन्या इतिहासालाही लागू आहे. १९६३ मध्ये बीटल्सचं ‘प्लीज प्लीज मी’ ब्रिटनमधल्या काही याद्यांत पहिलं होतं, पण ‘रेकॉर्ड रिटेलर’ या व्यापारी नियतकालिकाच्या यादीत दुसरं. पुढे अधिकृत इतिहास लिहिताना साठच्या दशकासाठी ‘रेकॉर्ड रिटेलर’ प्रमाण मानलं गेलं, जरी ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’चा नमुना मोठा होता. म्हणून अधिकृत नोंदीत ते गाणं पहिलं नाही. त्याहून विलक्षण गोष्ट जॉर्ज हॅरिसन यांच्या ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ची. १९७१ च्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये टपाल कर्मचाऱ्यांचा संप झाला. दुकानांच्या नोंदी टपालाने येत असल्यामुळे काही आठवडे आल्बमची यादीच निघाली नाही. हॅरिसन यांचा आल्बम चौथ्या क्रमांकापर्यंतच गेला, असं पस्तीस वर्षं सगळीकडे लिहिलं गेलं. २००६ मध्ये त्या रिकाम्या आठवड्यांसाठी ‘मेलडी मेकर’ साप्ताहिकाची यादी ग्राह्य धरण्यात आली आणि तोच आल्बम आठ आठवडे पहिला ठरला. हॅरिसन २००१ मध्ये गेले होते. ही दुरुस्ती त्यांना पाहता आली नाही.

प्रती किती खपल्या, याची अवस्था क्रमांकांहून बिकट आहे. अमेरिकेत रेकॉर्ड कंपन्यांची संघटना १९५८ पासून सुवर्ण आणि १९७६ पासून प्लॅटिनम प्रमाणपत्रं देते. ती आपोआप मिळत नाहीत. कंपनीला अर्ज करावा लागतो. शिवाय आधार होता दुकानांकडे रवाना केलेल्या मालाचा, गिऱ्हाइकाने घेतलेल्या प्रतींचा नव्हे. १९७८ मध्ये किस या बँडच्या चारही सदस्यांचे स्वतंत्र आल्बम एकाच दिवशी आले. प्रत्येकाच्या दहा लाखांहून अधिक प्रती बाजारात ढकलण्यात आल्या, चौघांनाही प्लॅटिनम मिळालं, आणि पुढे त्यातला बराच माल परत आला. ईगल्स बँडच्या १९७६ च्या संग्रहावर २००६ मध्ये २ कोटी ९० लाखांची नोंद होती, २०१८ मध्ये ती एकदम ३ कोटी ८० लाख झाली आणि मायकल जॅक्सन यांच्या ‘थ्रिलर’ला मागे टाकून तो अमेरिकेतला सर्वाधिक खपाचा आल्बम ठरला. बारा वर्षांत नव्वद लाख सीडी कोणी विकत घेतल्या नाहीत. मधल्या काळात स्ट्रीम धरले जाऊ लागले होते आणि नोंद अर्ज आल्यावरच बदलते. ‘थ्रिलर’च्या जागतिक खपाचे दावे तर साडेसहा कोटींपासून दहा कोटींच्या पुढपर्यंत पसरलेले आहेत. ज्या मोजमापात खालचं आणि वरचं टोक इतकं लांब असतं, त्यावरून पहिला-दुसरा ठरवणं धाडसाचंच.

गिनेसने एका ठिकाणी ही मर्यादा उघड मान्य केली आहे, आणि मला ती पद्धत आवडते. बिंग क्रॉस्बी यांनी १९४२ मध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या ‘व्हाइट ख्रिसमस’च्या पाच कोटी प्रती खपल्या असा अंदाज आहे. मूळ मुद्रिका प्रती काढून काढून इतकी झिजली की १९४७ मध्ये तेच गाणं पुन्हा मुद्रित करावं लागलं. एल्टन जॉन यांच्या १९९७ च्या ‘कँडल इन द विंड’च्या ३ कोटी ३० लाख प्रती मात्र मोजणीच्या युगातल्या आहेत. गिनेसने या दोघांना एका रांगेत उभं केलं नाही. क्रॉस्बी यांचं गाणं याद्या सुरू होण्याआधीचं, अंदाजाने सर्वाधिक खपाचं. जॉन यांचं याद्या सुरू झाल्यापासूनचं, नोंदींनुसार सर्वाधिक खपाचं. दोन विक्रम, आणि प्रत्येकाशेजारी तो कशावरून ठरवला हे लिहिलेलं.