चाकरमानी गेले, पाळणेही गेले

गणपतीत रत्नागिरीतल्या एखाद्या वाडीत जा. एकेका घरात तीसेक माणसं, खळ्यात चपलांचा ढीग, रात्री पडवीत पाय ठेवायला जागा नाही. विसर्जन झालं की आठवडाभरात त्याच घरात उरतात आजी आणि मांजर. २०११ची जनगणना झाली ती फेब्रुवारीत, शिमग्याच्याही आधी. त्यामुळे कागदावर उतरलं ते आजीचं घर. (मांजर मोजत नाहीत.)

२००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या १६ टक्क्यांनी वाढली. रत्नागिरी जिल्ह्याची मात्र ८२ हजारांनी घटली, सिंधुदुर्गाची १९ हजारांनी. माणसं कुठे गेली याचा माग स्त्री-पुरुष प्रमाणात लागतो. २०११ मध्ये रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, राज्यात फक्त ९२९. कोकणात लेकींवर जास्त माया, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण सहा वर्षांखालच्या मुलांत तिथेही मुली कमीच. मोठेपणी पुरुष मुंबई-ठाण्याकडे जातात, म्हणून आकडा उलटा दिसतो.

पण चाकरमानी काही आजचा नाही. गिरण्यांच्या काळापासून माणसं जातच होती, तरी १९९१ ते २००१ मध्ये रत्नागिरीची लोकसंख्या वाढली होती. जाणाऱ्यांची जागा पाळणे भरून काढायचे. आता पाळणेच कमी झालेत. लोकसंख्या स्थिर राहायला एका बाईमागे सरासरी २.१ मुलं लागतात: दोन आईबापांच्या जागी, आणि वरचा अंश मुलींपेक्षा मुलगे थोडे जास्त जन्मतात आणि काही मुलं मोठी होण्याआधीच दगावतात म्हणून. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा आकडा १.७ होता, देशाचा २.०.

मग देशाची लोकसंख्या अजून वाढते कशी? एसटीने ब्रेक दाबला तरी ती जागच्या जागी थांबत नाही, तसंच हे. पूर्वी मोठ्या संख्येने जन्मलेली पिढी आज आईबाप होण्याच्या वयात आहे. प्रत्येक जोडप्याला मुलं कमी, पण जोडपीच भरपूर. याला लोकसंख्येचा संवेग म्हणतात, आणि तो कित्येक दशकं पुरतो.

कोकणातली गोम इथेच आहे. पंचविशीतला मुलगा विरारला गेला, लग्न करून बायकोलाही घेऊन गेला, की त्याच्यासोबत त्याची व्हायची मुलंही गेली. त्यांचं बारसं विरारला, शाळा विरारला, जनगणनेत नोंदही तिथलीच. गावाचा संवेग शहराच्या खात्यावर जमा होतो. देशाला उतरणीला लागायला जी दशकं मिळणार आहेत, ती अशा वाडीला मिळतच नाहीत.

परिणाम आधी शाळेत दिसतो. चार वर्गांत मिळून सात-आठ मुलं. मग शेतात. भात लावायला माणूस नाही म्हणून एक मळा पड राहतो, तिथे रान माजतं, रानात डुकरं येतात. ती रात्री शेजारच्या उभ्या भातात घुसतात. दोन पावसाळे राखण करून शेजारीही कंटाळतो आणि तिसऱ्या वर्षी त्याचाही मळा पड राहतो, घरात राबणारी माणसं असूनसुद्धा.