कौटुंबिक हिंसाचार : दंतवैद्यांचे प्रशिक्षण

घरातल्या मारहाणीच्या खुणा तोंड, जबडा व मानेवर ओळखणे, रुग्णाला एकांतात विचारणे, केसपेपरवर नेमकी नोंद करणे आणि मदत मिळेल तिथे पाठवणे, याचे दंतवैद्यांना व दवाखान्यातील मदतनिसांना दिले जाणारे शिक्षण. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) १८ ते ४९ वयोगटातील, विवाह झालेल्या २९.३ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले. मार बहुतेक वेळा चेहऱ्यावर बसतो. पोलीस ठाण्याची पायरी न चढणारी बाई हलणारा दात घेऊन दंतवैद्याकडे मात्र येतेच.

कायद्याने दाताला मोठे वजन दिले आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ नुसार हाड किंवा दात मोडणे वा निखळणे ही ‘गंभीर दुखापत’ ठरते. जुन्या दंड संहितेच्या कलम ३२० मध्येही हेच होते. दंतवैद्य मात्र ‘बाथरूममध्ये पडली’ एवढे लिहून दाताला कॅप बसवतो आणि गंभीर गुन्ह्याचा पुरावा त्या कॅपखाली जातो.

अमेरिकेत मिसूरी राज्यात १९९२ मध्ये अत्याचार व हेळसांड ओळखायला शिकवणारा ‘पांडा’ हा दंतवैद्यांसाठीचा कार्यक्रम सुरू झाला. त्याचा भर बालकांवर होता. पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात बार्बरा गर्बर्ट व सहकाऱ्यांनी चार पायऱ्यांची पद्धत बसवली : विचारा, धीर द्या, नोंदवा, पाठवा. संसार सावरण्याची जबाबदारी दंतवैद्यावर नाही, हे या पद्धतीने स्पष्ट केले. टाळाटाळीचे निम्मे कारण तीच धास्ती असते. आपल्याकडे वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली महापालिका व ‘सेहत’ ही संशोधन संस्था यांनी मिळून हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांसाठी ‘दिलासा’ केंद्र काढले. हिंसा हा रुग्णालयाचाही विषय आहे, हे त्याने दाखवले.

काय पाहायचे? तुटलेले पुढचे दात, जबड्याचा जुना, वेडावाकडा जुळलेला अस्थिभंग, वेगवेगळ्या रंगांचे वळ, मानेवर बोटांचे ठसे. मारणारा उजव्या हाताचा असेल तर घाव बहुधा डाव्या बाजूला दिसतो. अजून न चालणाऱ्या बाळाच्या ओठामागचा पडदा फाटलेला असेल तर जास्त चौकशी हवी. धडपडत चालायला शिकणाऱ्या मुलात तोच पडदा पडूनही फाटतो. चाव्याच्या खुणेत सुळ्यांमधले अंतर तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त भरले तर तो मोठ्या माणसाचा चावा असण्याची शक्यता असते. किडलेल्या दातांवरून लगेच ‘हेळसांड’ म्हणू नये. रोजंदारी बुडवून दवाखान्यात येणे सगळ्यांना परवडत नाही.

विचारायचे कुठे, ही खरी अडचण. ठाण्यातला नौपाड्याचा किंवा घोडबंदर रोडचा दवाखाना म्हणजे इमारतीच्या तळमजल्यावरचा गाळा. बाहेरच्या बाकावर सगळे ऐकू जाते, आणि बाकावर सासू किंवा शेजारीण बसलेली. इथे एक्स-रेचा उपयोग होतो. किरणांमुळे सोबत्याला बाहेर थांबवता येते आणि त्यात कुणाला काही खटकत नाही. तेवढ्या दोन मिनिटांत ‘ताई, घरी कुणी मारतं का?’ असे साधे विचारावे. ‘तुम्ही काय केलंत म्हणून मारलं’ हा प्रश्न कधीच नको. नोंद रुग्णाच्या शब्दांत करावी, जखमेची जागा व माप लिहावे, संमतीने मापपट्टी ठेवून फोटो काढावा.

पाठवायचे कुणाकडे, हे नवी मुंबईत पत्त्यावर ठरते. नेरुळ व बेलापूरची दंत महाविद्यालये ठाणे जिल्ह्यात, खारघर व कामोठ्याची रायगड जिल्ह्यात. पोलीस आयुक्तालय एकच, पण २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालील संरक्षण अधिकारी, म्हणजे पीडित स्त्रीला मदत मिळवून देणारे सरकारी अधिकारी, जिल्ह्यागणिक वेगळे. शिकाऊ डॉक्टरांना हा फरक पहिल्याच दिवशी सांगायला हवा. याच कायद्याच्या कलम ४ प्रमाणे सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दायित्व येत नाही, आणि कलम ७ प्रमाणे मागितलेले उपचार दवाखान्याला नाकारता येत नाहीत. सज्ञान स्त्रीच्या बाबतीत तिच्या संमतीनेच पुढे जावे. बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याची शंका आली तर ‘पोक्सो’ या बालकांच्या संरक्षणाच्या कायद्याच्या कलम १९ नुसार कळवणे बंधनकारक आहे, तिथे ‘आमच्या ओळखीचे कुटुंब आहे’ चालत नाही. हेल्पलाइन : स्त्रियांसाठी १८१, बालकांसाठी १०९८, ज्येष्ठांसाठी १४५६७. कवळी मोडून महिने झाले तरी नवी न मिळालेले आजोबा या शेवटच्या क्रमांकात मोडू शकतात.

क्रमांक औषधाच्या चिठ्ठीवर लिहून देऊ नये, तो घरात वाचला जातो. १८१ तीनच आकडी असल्याने तोंडपाठ करून घेता येतो. स्वागतकक्षातल्या मुलीलाही प्रशिक्षणात बसवावे, कारण पुढच्या भेटीचा संदेश तीच पाठवते, आणि फाइलवरचा मोबाइल क्रमांक पुष्कळदा नवऱ्याचा असतो.