मेंढ्यांनी राखलेलं मैदान

लिहितात ब्रॉडहाफपेनी, म्हणतात ब्रॉडहेपनी. इंग्लंडच्या हॅम्पशर परगण्यात, हॅम्बल्डन गावाबाहेरचा हा उघडा माळ. समोरचा ‘बॅट अँड बॉल’ गुत्ता अजून उभा आहे. अठराव्या शतकात तो चालवणारा रिचर्ड नायरनच गावच्या क्रिकेट संघाचा कर्णधार होता.

याला ‘क्रिकेटचा पाळणा’ म्हणतात, पण ते काही खरं नाही. खेळ त्याआधीचा आणि लेखी नियमही 1744 चे. इथे मोठं झालं ते खेळाचं तंत्र, आणि त्यात जमिनीचाही वाटा आहे. माळाखाली खडूचा सच्छिद्र दगड आहे, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या सूक्ष्म समुद्री शेवाळांची कवचं. पाणी चटकन झिरपतं, मातीचा थर पातळ राहतो, गवत फार माजत नाही. गवत कापायचं यंत्र 1830 चं. तोवर ते काम मेंढ्यांकडे.

पूर्वी चेंडू सरपटत टाकत आणि बॅट हॉकी स्टिकसारखी वाकडी असे. चेंडू टप्पा घेऊन येऊ लागला, तेव्हा तो किती उसळेल याचा भरवसा उरला नाही. सरळ बॅट उभ्या रेषेत आणली की उसळी कमीजास्त झाली तरी चेंडू तिच्या वाटेत येतो. हॅम्बल्डनचा जॉन स्मॉल अशा बॅटीने खेळे, आणि बॅटी, चेंडू स्वतः बनवून विकेही.

1771 मध्ये चर्टसी या प्रतिस्पर्धी संघाकडून खेळणारा व्हाइट स्टंप झाकतील एवढी रुंद बॅट घेऊन आला. हॅम्बल्डनकरांनी लेखी हरकत घेतली आणि रुंदी सव्वाचार इंचांवर, म्हणजे 10.8 सेंटिमीटरवर बांधली गेली. मर्यादा आजही तीच.

तेव्हा खेळपट्टीची जागा पाहुणा संघ निवडे. लम्पी स्टीव्हन्स हा गोलंदाज मुद्दाम उतार शोधायचा. उतारावर चेंडू जमिनीला जास्त तिरका लागतो आणि खाली राहतो. हाच लम्पी 1775 मध्ये लंडनच्या आर्टिलरी मैदानावर स्मॉलला गोलंदाजी करत होता. तेव्हा स्टंप दोनच, मधली फट सुमारे सहा इंच आणि चेंडू तीनेक इंचांचा. तो तीनदा आरपार गेला, बेल हललीही नाही! मग मधला स्टंप आला.

1782 च्या सुमारास संघाने माळ सोडला. जागा आडबाजूला आणि वाऱ्याच्या तोंडी, अशी तक्रार होती. नवं मैदान निवडलं ते विंडमिल डाउन, म्हणजे पवनचक्कीची टेकडी.